दाराखालची गोधडी

चि. रखमाजीस,

पोरांना घेऊन मी कान्हे गावाला आत्याकडं जातीया. कामावरनं सुटलास की तूबी तिकडंच ये. न्हाईच जमलं तर भाकरी शिंक्यावर हाय. शेगडी पेटवलीस तर खिडकी थोडी उघडी ठेव, धुरानं जीव गुदमरतो.

घरमालकानं कुलूप लावलेल्या खोलीच्या दाराखालनं लय गार वारं येतं, म्हून सकाळी फटीत चिंध्या कोंबाय बसले. त्या आत जाईनात. पलीकडनं कुणीतरी आदीच गोधडी कोंबलीया. बोट लावलं तर ऊबदार लागली, आत्ताच अंगावरनं काढल्यागत. कुलूप मातूर तसंच गंजलेलं हाय.

तू ती गोधडी ओढू नको, बाबा. जे कोण हाय, त्यालाबी थंडी वाजत असंल.

तुजी अक्का