चिंचेत भिजलेली पोवळी

॥ श्री वीतरागाय नमः ॥
विश्रामबाग, सांगली
६ नोव्हेंबर २०२४

चि. ब्राह्मीस आक्काताई आत्तीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला आता काय ऐकू येत न्हाई. तू बोलतीस आणि मी नुसती व्हय व्हय म्हणती. म्हणून पत्र. देवळात महावीरांचा निर्वाणलाडू चढवून झाला, दिवाळी सरली. पलूसला तुझा बाप जिनपाल आत्तापासनं मांडवाच्या मागं लागलाय. फेब्रुवारीला लय अवकाश हाय म्हटलं तर माझ्यावरच डाफरला. साताऱ्याचे पारसराव मात्र शांत गडी. समुद्रात बुड्या मारणारी बायको करतोय म्हटल्यावर शांतच असायला पायजे!

आता रडगाणं ऐक. तुझ्या लग्नासाठी आईची, म्हंजे तुझ्या आजीची, पोवळ्यांची माळ काढली. घामानं काळपट झालती. तांब्याची कळशी घासतो तशी चिंच-मीठ लावून चांगली भिजत घातली. धुऊन बघती तर मणी पांढरट, खरबरीत! तशीच उठून पेठेत गेले. सराफ म्हणतो वरचा थर घासून काढू, पण मणी बारीक होतील. तू त्या बेटावर पोवळ्यांची डॉक्टर न्हवं? मग औषध सांग. त्या माळंबिगर तू उभी राहिलीस तर आई लग्नाला आलीच न्हाई असं वाटंल मला.

लोभ हाय तो पातळ करू नको.
तुझी आत्ती


अगत्ती, लक्षद्वीप
२६ नोव्हेंबर

ती. आत्तीस ब्राह्मीचा वाकून जय जिनेंद्र. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा एकदा वाचलं. औषध नाही गं. पोवळं म्हणजे मुळात चुनाच, आणि आंबट लागलं की चुना विरघळतो. इथे समुद्रात तेच चाललंय, फक्त सावकाश. आपल्या गाड्यांचा, धुराड्यांचा धूर पाण्यात मुरतो. पाणी चवीला आंबट लागत नाही, पण तिकडे झुकत चाललंय, आणि पोवळ्यांना चुन्याची घरं बांधणं जड जातं. त्यात यंदा उन्हाळ्यात समुद्र तापला. पोवळ्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न देणारं रंगीत शेवाळ त्यांनी बाहेर टाकलं, आणि माझ्यासमोरची अख्खी बाग पांढरीफटक पडली. पाणी वेळेत निवलं तशी काही सावरली. बाकीची उपाशी मेली.

एक सांगते, रागावू नकोस. पोवळी म्हणजे झाडं नाहीत आणि दगडही नाहीत. मुगाएवढे, काही त्याहून लहान जीव असतात ते. आजीची लाल पोवळी दुसऱ्या कुठल्या समुद्रातली, पण तीही जिवांनीच घडवलेली. मला ती माळ घालवणार नाही गं.

माया असू दे.
ब्राह्मी


विश्रामबाग
१२ डिसेंबर

चि. ब्राह्मीस आशीर्वाद, जरा आखडूनच. वि. वि.

शिकलीस म्हणून आजीला पापिणीच्या रांगेत बसवलीस व्हय? जी बाई दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेत नव्हती, कांदा-बटाट्याला शिवत नव्हती, ती जन्मभर गळ्यात जिवांची हाडं घालून हिंडली म्हणतीस? पोवळं हिऱ्या-माणकांच्या रांगेतलं, असंच मी लहानपणापासनं ऐकत आले.

तुला आठवत नसंल. पलूसच्या विहिरीवर आई दुपदरी फडक्यातनं पाणी गाळायची. फडक्यात राहिलेले बारीक जीव, ती जिवाणी, परत त्याच विहिरीत सोडायची. वरनं ओतायची न्हाई, बादली पार पाण्याला टेकवून अलगद. दोर धरून धरून तिच्या तळहातांना घट्टे पडलते. जिनपालनं एकदा घाईघाईत शेजारच्या आडात ओतली तर दिवसभर त्याच्याशी बोलली न्हाई. वाकली की ती माळ पुढं लोंबायची, किती गोजिरी दिसायची गं! अशा बाईला तू... जाऊ दे. माळ कपाटात ठेवलीय.

राग गेला की आठवण काढीन.
आत्ती


अगत्ती
३० डिसेंबर

ती. आत्तीस पाया पडून जय जिनेंद्र. वि. वि.

आजीला माहीत नव्हतं गं, एवढंच. तिला मी कशी पापीण म्हणेन? आणि जिवाणी विसरेन मी? तिचं बोट धरून विहिरीवर मीच जायचे. दुसऱ्या विहिरीत का नाही, असं विचारलं की ती सांगायची, ज्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात जगतो, पाणी बदललं की मरतो. आत्ती, इतकी वर्षं शिकून मला कळलं ते एवढंच. इथल्या पोवळ्यांना कुणी दुसऱ्या विहिरीत नेलं नाही. ती आपल्या जागीच आहेत, आपणच त्यांचं पाणी बदललं. माळ नको म्हणाले ते आजीमुळेच.

राग आवर आणि लिही.
ब्राह्मी


विश्रामबाग
१५ जानेवारी २०२५

चि. ब्राह्मीस आत्तीचे आशीर्वाद, होते न्हवते तेवढे सगळे. वि. वि.

जिनपाल आलता. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. खरं हाय तुझं. आईला कळलं असतं तर तिनं उभ्या उभ्या माळ उतरवली असती. तू मोकळ्या गळ्यानं उभी रहा. कोण काय विचारंल त्याला मी बघून घेती.

पण माळ मी टाकणार न्हाई, आणि सराफाला घासायलाबी देणार न्हाई. काल हातात घेऊन बसले. डोळे मिटून त्या खरबरीत मण्यांवर गाल टेकवला आणि ब्राह्मी, आईचा तळहात गं! अगदी तसाच.

लवकर ये.
तुझीच आत्ती