भिंतीकडच्या पट्टीचा खरा आकडा

मी, साखराबाई त्रिंबक शिंगाडे, वय आधार कार्डावर शहात्तर आणि खरं त्याहून थोडं जास्त, धंदा शेती, राहणार मौजे बोरखेडी, तालुका व जिल्हा जालना, कोणाच्याही दाबाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. शेजारचे गोरक्षनाथ गुरुजी लिहून घेतात. ते मधेच माझं बोलणं सुधारायला बघतात, ते मी चालू देत नाही.

१. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर माझा मुलगा बिभीषण यास. तो चाकणला असतो. रविवारी फोन करून "जेवलीस का माय" विचारतो आणि मी सांगायच्या आत "ठेवतो बरं का" म्हणतो. घर त्याचं. घरात कोणी राहील, हे मात्र मला लिहून देता येत नाही.

२. लोकर कातरायची कातर आणि माझ्या गेलेल्या मालकांचं घोंगडं पुतण्या कडूबा यास. आमच्या घराण्यात मेंढरं आता त्याच्याकडेच उरली.

३. जाऊबाई द्वारकाबाईनं वाटणीत पाटा नेला. तो तिच्याकडेच राहावा. वरवंटा माझ्याकडे आहे, तो तिला माझ्यामागंही देऊ नये.

४. पावणेतीन एकर जमीन बिभीषणला. मात्र कारखान्याच्या भिंतीलगतची पाच गुंठ्यांची पट्टी पडीक ठेवावी. तिथं पेरू नये, शेण टाकू नये, मेंढरं बसवू नयेत. कारण पुढं आहे.

तीन वर्षांमागं मोनाली नावाची पोरगी आली. कॉलेजात शिकते, बदनापूरला खोली करून राहते. लोखंडाच्या कारखान्याची काळी धूळ आमच्या कपाशीवर बसते, ती मातीत किती मुरली हे तिला पाहायचं होतं. दर दोन महिन्यांनी ती विहिरीजवळची डबाभर आणि भिंतीजवळची डबाभर माती न्यायची. खोलीवर नरसाळ्यात माती, वर बल्ब, खाली बाटली. माती तापली की तिच्यातले बारके किडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. ती त्यांना माइट म्हणते. मला भिंगातून दाखवले तर आठ पायांचे, गोचिडाच्या कुळातले.

मी म्हटलं, "हे तर आमचे जुने पाव्हणे. मेंढरामागं जलम गेला माझा."

ती म्हणाली, "आजी, माती बिघडली की हे आधी कमी होतात. जाती तर फारच कमी होतात."

विहिरीकडं दीडशेच्या वर निघायचे, नाना जातींचे. भिंतीकडं अकरा-बारा, तेही एकसारखे. मोजून झालं की बाटली दाखवायला ती परत यायची, माझ्याकडं भाकर खायची, जाताना दारातून हात करायची. पुढची खेप मी बोटांवर मोजत राहायची.

गेल्या संक्रांतीनंतर कडूबा मेंढरं घेऊन आला. मी म्हटलं, ह्या पट्टीवर बसव. आजारी मातीला लेंडीखताशिवाय दुसरं औषध आम्हाला ठाऊक नाही. शिवाय मेंढरं बसली की वावरात चार माणसांचं बोलणं येतं. तीन मुक्काम झाले. पुढच्या खेपेला मोनालीच्या बाटलीत भिंतीकडचे नव्वद किडे निघाले.

"आजी, माती सुधारून राह्यली," म्हणत ती गळ्यात पडली. तेव्हाच मला कळलं, हे किडे लेंडीतले, मातीतले नव्हेत. एवढी खुशीत होती, मी गप्प बसले.

तिनं तोच आकडा कॉलेजात लिहून दिला. तो कारखान्याच्या हाती लागला. धूळ धरायचं यंत्र बसवायचं होतं, ते त्यांनी पुढं ढकललं, कारण माती सुधारली. आणि मोनालीचं काम संपलं. त्यानंतर ती आली नाही.

म्हणून कबूल करते, की त्या खेपेचा आकडा मेंढरांचा होता, मातीचा नव्हता. चूक माझी, पोरीची नाही.

गुरुजी म्हणाले, "साखराबाई, हे साध्या कागदावर लिहून देऊ. मृत्युपत्रात कशाला?"

मी म्हटलं, "साध्या कागदावर म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणतेल. ह्यात शुद्धीवर आहे असं डॉक्टरच लिहून देतो."

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात म्हणे. माझ्याच्यानं तेवढं थांबवणार न्हाई. गुरुजींनी याची नक्कल उद्याच्या गाडीनं बदनापूरला नेऊन मोनालीच्या हातात द्यावी. तिनं ती पुढं कुठं द्यायची तिथं द्यावी. पट्टीवर मेंढरांनंतर काही पडलेलं नाही, मी रोज जाऊन बघते. तिनं माती पुन्हा न्यावी. रागावून आली तरी चालेल. भांडून घेईल, तेवढा वेळ तर बसेल.

सदर मजकूर मला वाचून दाखवला, सांगितला तसाच आहे, म्हणून अंगठा देते.

डाव्या हाताचा अंगठा : साखराबाई त्रिंबक शिंगाडे
लिहिणार : गोरक्षनाथ गुरुजी
शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.
साक्षीदार : १. नंदाबाई, शेजारीण (सही) २. राधेश्याम, किराणा दुकानदार (सही)
ठिकाण : बोरखेडी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५