पुढे सरकवलेली भाकर

आई, इथं सुट्टी शुक्रवारी म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. "रविवारी देव कुवेतमधून रजेवर जातो का गं?" असं रिग्गईच्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात कणीक मळता मळता विचारायचीस, आणि मी हसायचं सोडून चिडायचे. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा. दिवसभर ऑफिस, आणि घरी आले की सगळे डबे तुझ्या पद्धतीने लावलेले. त्यातच एका सकाळी तू विचारलंस, "अजून थोडे दिवस राहू का?" मी म्हणाले, "व्हिसा वाढत नाही, आई." वाढतो की नाही, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट आपल्या बाकापर्यंत आलं. तू भाकर न घेता ते माझ्याकडे सरकवलंस. कुणाशी बिनसलं असेल तर आधी समेट, मग भाकर, हे नगरला तूच मला शिकवलेलं. मी मात्र घेतली. गाडीत विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं, घसा धरलाय." नगरला परत जाऊन तुला महिनाही झाला नाही आणि तू झोपेतच गेलीस. घसा खरंच धरला होता का? की माझ्यावर रागावली होतीस?

तेव्हापासून ताट आलं की मीही पुढे सरकवते. पाळकसाहेब म्हणतात, "कबूल केलंत ना? मग क्षमा झाली. आता न घेणं हा अविश्वास." समुपदेशक बाई म्हणतात, "तुम्ही थकला होतात. ही खंत आहे, गुन्हा नाही." एकाच्या मते पाप होतं पण धुतलं गेलं, दुसरीच्या मते पाप नव्हतंच. ऐकताना दोघांचंही पटतं, घरी येईपर्यंत एकही उरत नाही. तू रविवारच्या शाळेत सांगायचीस, नुसतं रडणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, मागे वळावं लागतं. आता कुणाकडे वळू?

उद्या पुन्हा ताट येईल. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून त्या दोघांनाही न सांगितलेलं तुला सांगते. विमानतळावर तू आत गेलीस तेव्हा मला हलकं वाटलं. घरी येऊन आधी मी डबे माझ्या पद्धतीने लावले. आणि आज तू दारात उभी राहून तेच विचारलंस, तर मी पुन्हा व्हिसाच सांगेन की काय, हे मला खरंच कळत नाही, आई.