धार नसलेली सुरी

८ नोव्हेंबर
तोकिएने आज पुन्हा बोट कापून घेतलं. मुळा चिरत होती. रक्त येतंय हे मीच तिला सांगितलं. म्हणाली, "आलुबुखाराच्या लोणच्याचा रंग लागला असेल." पट्टी बांधली तेव्हा माझ्याकडे पाहून हसली — परक्या माणसाकडे हसावं तशी.

९ नोव्हेंबर
मिसाको आली. पट्टी पाहिली आणि कोट काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, आईची सुरी उचलून ठेवा. आजच."
मी म्हटलं, सुऱ्या घडवणाऱ्याच्या घरात सुरी नाही, गाव हसेल.
"हसू दे. तुम्ही दिवसभर भट्टीवर. आईकडे बघायला कोण आहे?"
लेकच ती, बोलणार.
सुरी भट्टीच्या खोलीत नेऊन ठेवली. लग्न झालं त्या वर्षी केलेली. भाजी, मासा, मांस, तिन्हीला चालते म्हणून आमच्याकडे हिला तीन गुणांची सुरी म्हणतात. दगडावर घासून घासून पातं निम्मं राहिलंय. नंतर मी घडवलेली प्रत्येक नवी घडण आधी तोकिएच्या ओट्यावर जायची. "मुळा चिकटतो हिला." "मूठ जड झालीय, बायकांनी चालवायची आहे ना?" असं काहीबाही सांगायची आणि मी निमूट परत ऐरणीवर. आमच्या ताकेफू गावात माझ्या सुऱ्यांचं नाव झालं. तिचं कोणी घेतलं नाही. मीही नाही.

१३ नोव्हेंबर
तोकिएने सगळे खण उपसून ठेवलेत. "चोर येऊन गेला," म्हणाली. "पैसे सोडले आणि सुरी नेली. जाणकार असला पाहिजे." मला हसू आलं, तीही हसली. मग तिने टोफू हाताने कुस्करला. कांद्याची पात चमच्याच्या कडेने तोडायला लागली, तुटेना. मी बाहेर निघून गेलो.

१६ नोव्हेंबर
आता ती ओट्याशी जातच नाही. दुकानातून डबे आणतो. आज डबा उघडून बराच वेळ बघत बसली. "हे कोणी केलंय?" मी म्हटलं, दुकानातल्या बाईने. "तिला भूक लागलेली नसणार," म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

२० नोव्हेंबर
एक सुचलंय. लिहायलाही लाज वाटते. तशीच दिसणारी सुरी घडवायची. नुसतं कच्चं लोखंड, पोलाद नाही. पाणी द्यायचं नाही, म्हणजे धार धरणार नाही. कड दगडावर गोल करून टाकायची. मूठ मात्र जुनीच बसवायची, तिच्या हाताला कळणार नाही.
मिसाकोला फोनवर सांगितलं. म्हणाली, "बाबा, किती छान." मला छान वाटलं नाही.

२३ नोव्हेंबर
आज दिली. हातात घेताच चेहरा खुलला. ॲप्रन नाही तरी कमरेला काहीतरी बांधल्यासारखं केलं, मुळा घेतला, बोटं बरोबर मुडपली. सुरी टेकवली. दाबली. पुन्हा दाबली. मुळा चेपला.
सुरी उजेडात धरून कड पाहिली. मग आवाज खाली आणून मला म्हणाली, "आजोबा, ही कुठून घेतलीत? फसवलंय हो तुम्हाला."
मी म्हटलं, इथल्याच एका लोहाराने केलीय.
"नाही नाही. आमचे हे सुऱ्या करतात. मला कळतं. हे काम हात बसलेल्या माणसाचं नाही." नंतर सुरी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ह्यांना दाखवू नका हं. गावात असं कोणी करतं म्हटलं तर जेवणार नाहीत."
रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

२४ नोव्हेंबर
मूठ काढून पुन्हा जुन्या पात्याला बसवली. धार लावली. ती खोटी सुरी भट्टीत टाकली, लाल झाली तशी घणाने चपटी केली.
आता भट्टी फक्त सकाळी. दोन्ही वेळा स्वयंपाकाला मी तिच्या शेजारी उभा राहतो. हात लावत नाही. नुसता उभा.

१ डिसेंबर
बोटं शाबूत आहेत. मुळ्याच्या चकत्या अशा की पलीकडचं दिसावं. तिला माझं नाव आठवत नाही, पण बांगडा कुठून फाडायचा ते तिच्या मनगटाला ठाऊक आहे. जेवताना म्हणाली, "आजोबा, रोज येता, घरी कोणी वाट बघत नाही का?" मी भात वाढून घेतला.

११ डिसेंबर
बर्फ. सकाळी घण चालू होता, दाराचा आवाज मला ऐकू आला नाही. टपालवाल्या बाईने तिला पुलाजवळ गाठलं — अनवाणी, पाय निळे. नवऱ्याला डबा द्यायला निघाले म्हणाली. हातात रिकामा डबा होता.
सुरीकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. दार राहिलं.

१२ डिसेंबर
मिसाको. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फुकुईत वृद्धांसाठी एक घर आहे, जानेवारीत जागा होईल. "चांगले लोक आहेत, बाबा." मी विचारलं, तिथे स्वयंपाक करू देतील? ती खिडकीबाहेर बघायला लागली.

२९ डिसेंबर
हो म्हटलं.

३ जानेवारी
तिची कपड्यांची पेटी भरली. ती मागून एकेक कपडा काढून घडी मोडत होती. "कोण चाललंय?" विचारलं. तू, म्हणालो. "एकटीच? ह्यांना विचारलंत?"
संध्याकाळी भट्टीपाशी बसलो. कोळसा चाळला. पेटवली नाही.

७ जानेवारी
मीही जातो म्हटल्यावर मिसाकोने आज तिथल्या लोकांशी बोलून दोघांची खोली घेतली. ऐरण शेजारच्या गल्लीतला लोहार घेऊन गेला. मी माझीही पेटी भरायला लागलो तशी तोकिए दारात येऊन उभी राहिली.
"आजोबा, तुम्हीपण येताय?"
"येऊ का?"
"या की. आमचे हे काही म्हणणार नाहीत."