हेल्मेटं गाडीवरच राहिली

शनि. ८ फेब्रु.

उद्या निखिलबरोबर गुहेत. माझ्या बायकोच्या, माधवीच्या, या धाकट्या भावाने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. मुळशीच्या मागे डोंगरात भुयार आहे, आत सरपटत जावं लागतं, म्हणे अगदी सोपं. हिंजवडीत आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याला रविवारी सरपटावंसं का वाटतं, देव जाणे. त्याच्या ऑफिसातली प्राजक्ताही येणार.

माधवी नको म्हणत होती. मी म्हटलं, मी जातो बरोबर. मग हो म्हणाली. भोसरीच्या कारखान्यात चौदा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, एवढं तर कळतं मला.

सामान: पाणी २ बाटल्या, चिक्की, जखमेच्या पट्ट्या. दोर? निखिल म्हणतो लागत नाही.

रवि. ९

घरी आलो. तिघंही. साडेसात वाजले. माधवीला सांगितलं, टायर पंक्चर झालं. कढत पाण्याने आंघोळ, मग दोन माणसांचं जेवण एकट्याने जेवलो. बाकी उद्या.

सोम. १०

अंगात कसकस आहे सांगून रजा टाकली. माधवी शाळेत शिकवायला गेली. घर रिकामं. लिहून काढतो, त्याशिवाय डोक्यातून जायचं नाही.

अकराला पोचलो. गाड्या झाडाखाली लावल्या. तिथे साठीच्या एक बाई शेळ्या चारत होत्या. कुठं निघाला, विचारलं. निखिलने सांगितलं. त्या म्हणाल्या, आत तीन वाटा हायत, माणूस तिथंच फिरत ऱ्हातं. मग म्हणाल्या, "बॅटरी हाय का?"

निखिलने फोनचा उजेड दाखवला. बाईंनी तो नीट पाहिला. "ह्यो फोन हाय," एवढंच बोलून शेळ्यांमागे गेल्या. आम्ही हसलो. मीही हसलो, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिला अर्धा तास मजेत. ओल, वटवाघळांचा वास, गुडघ्यांवर रांगणं. मग एक अरुंद फट, तिच्यातून पोट घासत पलीकडे. पलीकडे उभं राहता येईल अशी खोलीएवढी जागा. तिथून पुढे गेलो, डावीकडे वळलो, परत डावीकडे. खुणा कोणीच करत नव्हतं. निखिल व्हिडिओ काढत होता. त्याच्या कपाळावर ऑनलाइन मागवलेला दिवा होता. तो चार्ज करायचा राहिला होता हे आम्हाला तो विझल्यावर कळलं. प्राजक्ताचा फोन पाण्यात पडला. निखिलचा नऊ टक्के. माझा चौतीस.

परत फिरलो तर फट सापडेना. खोलीसारखी जागा आली, पण तिला तीन तोंडं, तिन्ही सारखी. येताना ती कशी दिसली नाहीत? एकात शिरलो. वीसेक मिनिटांनी पुन्हा तीच खोलीसारखी जागा. प्राजक्ता म्हणाली, "सर, हा दगड आपण मघाशी पाहिलाय." अकोल्याची मुलगी, आवाज अगदी शांत.

मी दोन्ही फोन बंद करायला लावले आणि सगळ्यांना खाली बसवलं. दिवसभरातली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट. डोळे उघडे आहेत का मिटलेले, तेही कळत नव्हतं. निखिल हळूच म्हणाला, "जिजू, ताईला ठिकाण सांगितलंय ना?"

सांगितलं नव्हतं. मुळशीकडे, एवढंच.

कारखान्यात कोणाला टाकीत उतरायचं असलं तर मी तीन सह्या घेतो आणि वर एक माणूस उभा करतो. तो चहाला गेला तरी काम बंद. काल आमचं बाहेर कोण होतं? दोन गाड्या. त्यांच्या आरशांना लटकवलेली तीन हेल्मेटं. माझं आयएसआय मार्कवालं.

अडीचच्या सुमारास आवाज आला. पत्रा बडवल्यासारखा. थांबायचा, पुन्हा सुरू. निखिल उठून पळणार होता, त्याला धरून ठेवला. आवाज इतका घुमत होता की चारी बाजूंनी आल्यासारखा वाटे. एकेका तोंडाशी उभं राहून ऐकू, हे प्राजक्ताचं डोकं. मधल्या तोंडाशी तो बारीक पण स्वच्छ होता. मग तसंच. थांबायचं, ऐकायचं, चार पावलं. उजेड लागेल तेवढाच.

फट आली. निखिल पटकन पलीकडे. मी शिरलो आणि कमरेशी अडकलो. पुढे नाही, मागे नाही. ओरडायला छातीत हवा नव्हती. मागे प्राजक्ता, म्हणजे तिच्या वाटेत मी बूच. तेव्हा मनात काय काय आलं ते लिहीत नाही. तिने माझ्या पायावर हात ठेवला. "सर, श्वास सोडा. सगळा सोडा. घाई नको." पट्ट्याचं बक्कल दगडात रुतलं होतं. श्वास सोडल्यावर हात आत गेला, बक्कल सुटलं. निखिलने पलीकडून मनगटं धरून ओढलं. पोटाची साल गेली. निघालो.

बाहेर ऊन. चार वाजून गेलेले. त्या बाई तोंडाशी फतकल मारून पत्र्याच्या डबड्यावर दगड हाणत होत्या. सावली सरकली तरी गाड्या जागच्या जागी, म्हणून आल्या. दीड तास बडवत होत्या. आम्हाला पाहिल्यावर दगड खाली ठेवला आणि आधी दंड चोळला.

प्राजक्ता तेव्हा रडली. मला हसू फुटलं ते थांबेना. बाईंचं नाव इंदूबाई. म्हणाल्या, "आता नीट घरला जावा."

मंगळ. ११

निखिलने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. वर लिहिलंय, एक नंबर अनुभव. शेवटी नुसता काळोख आणि माझा आवाज, फोन बंद करा. तो माझाच आवाज आहे हे मला एरवी ओळखू आलं नसतं.

संध्याकाळी माधवीने विचारलं. सगळं सांगितलं, पंक्चरचंही. ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर म्हणाली, "मी त्याला हो का म्हटलं, माहितीये? तुम्ही होतात म्हणून."

नंतर पोळ्या केल्या, मला वाढलं आणि वह्या घेऊन आत गेली.

खरं आहे. मी नसतो तर ती दोघं कदाचित गेलीच नसती. बॅटरी नाही, दोर नाही, त्याऐवजी मी.

निखिलला फोन केला. त्याचं म्हणणं, निघालो ना बाहेर, मग विषय संपला. प्राजक्ता त्याच्याशी बोलत नाही, ते मात्र त्याला समजत नाही.

बुध. १२

पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मी कामगारांशी सुरक्षेवर बोलतो. आज हातमोज्यांचा विषय होता. तोंड उघडलं आणि गुहाच सांगितली. ठरवलं नव्हतं. फोनचा उजेड, आरशाला लटकवलेली हेल्मेटं, बूच, सगळं. हेल्मेटांवर हशा झाला. बूच सांगताना कोणी हसलं नाही.

शेवटी म्हटलं, दारापाशी पेटी लावली आहे, थोडक्यात वाचलात तर चिठ्ठी टाका म्हणून. दोन वर्षांत त्यात एक गुटख्याची पुडी मिळाली. पेटी रिकामी का, ते मला रविवारी कळलं. मी बायकोला पंक्चर सांगितलं. तुम्हाला काय बोलणार.

वाटलं, आता मान गेला. दुपारी जेवण मात्र छान गेलं.

शुक्र. १४

सुट्टीच्या वेळी दिगंबर केबिनशी घुटमळत होता. बुलढाण्याचा, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर काम करतो, सहा वर्षांत माझ्याशी सहा वाक्यं बोलला असेल. आत बोलावलं. बसला नाही. खिशातून हातमोजा काढून टेबलावर ठेवला. दोन बोटांची टोकं चपटी, कागदासारखी.

म्हणाला, "साहेब, यात माझी बोटं होती. मोजा ढिला होता म्हणून निसटली."

आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. यांनी एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलंय. एका हाताने बटण, दुसऱ्याने माल. टार्गेट पुरं होतं. किती दिवस, विचारलं. दिवाळीच्या आधीपासून. मी त्या प्रेससमोरून रोज दोनदा जातो.

नाव कोणाला सांगणार नाही, असा शब्द दिला. तो गेल्यावर मोजा हातात घालून बघितला. माझी बोटं त्या चपट्या जागेपर्यंत सहज पोचली.

शनि. १५

तीन प्रेस, तिन्हींत पाचर. तिसरीची रंग देऊन बेमालूम केलेली. तिन्ही बंद केल्या. सुपरवायझरने मान खाली घालून पाचरी काढल्या, म्हणजे त्याला ठाऊक होतं. दुपारपर्यंत बटणांवर झाकणं बसवली. दुसऱ्या पाळीला मशिनं सुरू. कोणाच्याही हाताला काही झालेलं नाही, हे मी चारचौघांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी एक जण हात वर करून दाखवायला लागला.

महिन्यात पहिल्यांदा गाडीवरून घरी येताना गुणगुणत होतो. कोथरूडच्या ट्रॅफिकमध्ये.

रवि. १६

माधवीला घेऊन इंदूबाईंकडे गेलो. तीच म्हणाली, जाऊ या. साडी आणि चांगल्यातली एक बॅटरी नेली. इंदूबाईंनी साडी मांडीवर घेतली आणि बॅटरीकडे बघून हसल्या. आत गेल्या, आणखी तीन बॅटऱ्या घेऊन आल्या. एक तर डब्यातून काढलेलीसुद्धा नव्हती. आमच्यासारख्यांनीच आणून दिलेल्या.

माधवीने विचारलं, इतक्या जणांना आत जाऊ कसं देता? इंदूबाई म्हणाल्या, "म्या सांगते बाई. शिकल्याली मानसं हायत, ऐकत्यात का? मग बसायचं बडवत."

दंड अजून दुखतोय का विचारलं, तर रविवारी दुखतोच, म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर माधवी पाच दिवसांनी नीट बोलली. भावावर अजून राग आहे. माझ्यावर किती उरलाय, विचारलं नाही. पिरंगुटला भेळ खाल्ली.

सोम. १७

मोठ्या साहेबांनी बोलावलं. आधी कौतुक. अपघात टळला, उत्तम. मग म्हणाले, सेफ्टी ऑफिसरने आपला मूर्खपणा कामगारांपुढे सांगायचा नसतो. मी म्हटलं, तो सांगितला म्हणूनच पाचर कळली.

मग मुद्द्यावर आले. कोणी सांगितलं? पाचर मारणारे आणि इतके दिवस ठाऊक असून आता सांगणारा, सगळ्यांना नोटिसा जाणार. नाव उद्यापर्यंत, फार तर परवा सकाळी दहाला. नाही दिलं तर दिवाळीपासून तुम्हाला दिसलं कसं नाही, ही नोटीस माझ्या नावाने निघेल. यात खोटं काही नाही, हीच पंचाईत.

पेटीत आज दोन चिठ्ठ्या होत्या. एक क्रेनच्या साखळीची. एक गच्चीवरच्या फुटक्या पत्र्याची. दोन्हींवर नाव नाही.

मंगळ. १८

साखळी बदलून घेतली. पत्र्याखालून जायची वाट बंद केली.

दिगंबर कामावर आलाय. दोन्ही हात बटणांवर. माल कमी निघतोय, फळ्यावर लाल खडूने लिहिलंय. माझ्याकडे बघितलं नाही. न बघितलेलंच बरं.

प्राजक्ताचा मेसेज आला. गिर्यारोहणवाल्यांकडे दोन दिवसांचं शिबिर आहे, दोर बांधण्यापासून शिकवतात, ती जातेय. निखिलनेही नाव घातलंय. तिच्यामुळे का गुहेमुळे, कोण जाणे. मला विचारते, सर, तुम्ही?

माधवीला साहेबांचं सांगितलं. नाव दिलं तर यापुढे त्या पेटीत कोणी काही टाकणार नाही. नाही दिलं तर बहुधा माझ्यावर येईल. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरी नोकरी शोधायची म्हणजे. ती ऐकत होती, हातात वह्या तपासायला घेतलेल्या. म्हणाली, "मला आधी सांगितलंत, हे बरं केलंत."

एवढंच. द्या म्हणाली नाही, देऊ नका म्हणाली नाही.

आत्ता दिवेलागणीला बघतोय तर माधवीने माझा निळा शर्ट कडक इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलाय. उद्या दहाला जायचंय, नाव न देता.