कंपनीच्या बाजूनं

आबा, आज पुन्हा एका मूट कोर्टाला जज म्हणून जाऊन आले. पत्रिकेवर ‘अभिरूप न्यायालय स्पर्धा’ असं छापतात, पण मुलं मूटच म्हणतात, आम्हीही मूटच म्हणायचो. सकाळपासून उंच पाठीच्या खुर्चीत बसून कंबर धरली आहे. मुलं चांगली बोलली. हल्ली सगळीच चांगली बोलतात, एकाच साच्यातून काढल्यासारखी, आणि दुपारनंतर कोण कुठल्या बाजूनं उभं होतं हेही मला आठवेनासं झालं. गुण दिले, चहा घेतला, शाल आणि नारळ घेऊन घरी आले. चपला काढून खुर्चीत टेकले, तर तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. गेल्या काही वर्षांत असं फारसं होत नाही. कोर्टातून येते तेव्हा इतकी थकलेली असते की कोणाची आठवण काढायचीही ताकद नसते. आज मात्र बसून राहिले, आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं.

सिल्व्हासाजवळ राखोलीला धाग्याचे कारखाने उभे राहत होते तेव्हा तुम्ही आणि काका साक्री तालुक्यातून बरोबरच आलात. काका म्हणजे काही नात्यातले नव्हेत, तुमच्या गावचे सोबती, पण मला तेच काका माहीत होते. कारखान्यामागच्या कंपनीच्या खोल्यांत आपली भिंत आणि त्यांची भिंत एकच होती. काकूंनी मिरची वाटली की आई इकडे शिंकायची. मग एका पाळीत काकांचा उजवा हात रोलरमध्ये गेला. अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली. रोलरपुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. अडकलेला धागा लवकर काढायला काकांनी ती स्वतःच उघडून ठेवली होती, असं कंपनीच्या चौकशीत ठरलं, म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला. थोडेफार पैसे टेकवून त्यांना गावी पाठवलं. मी तेव्हा शाळेत होते. जो तो म्हणायचा की जाळी त्यानंच काढली, आणि मलाही तेच खरं वाटायचं. पलीकडच्या खोलीत बिहारकडचं एक कुटुंब आलं. तुम्ही त्या भिंतीला टेकून बसायचं सोडलंत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. का सोडलंत, ते नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, मी सिल्व्हासाच्या हद्दीपलीकडच्या लॉ कॉलेजात जात होते. त्या वर्षी आसपासच्या कॉलेजांची मूट स्पर्धा सिल्व्हासात, एका शाळेच्या हॉलमध्ये ठरली. तुम्हाला समजावून सांगताना माझी कोण धांदल उडाली होती. खटला खोटा असतो, कागदावर रचलेला, पण वाद खरा घालायचा. समोर खरे वकील नाहीतर निवृत्त जज बसतात आणि मध्येच अडवून प्रश्न विचारतात. तुम्ही विचारलंत, ‘‘मग खरं कोनाचं हाय ते कसं ठरतं?’’ मी म्हणाले, ‘‘खरं नाही ठरत आबा, चांगलं कोण बोललं ते ठरतं.’’ तुम्ही मान हलवलीत, पटल्यासारखी नाही. त्या वर्षीचा खटला होता एका कामगाराचा. मशीनमध्ये हात गेलेला, जाळी नसलेली, आणि ती त्यानंच काढली असं सांगणारा एक सोबती साक्षीदार. आपल्याकडे असे अपघात इतके व्हायचे की खटला रचणाऱ्या सरांना फार दूर जावं लागलं नसणार. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या. माझ्या वाट्याला कंपनी आली.

सराव मी स्वयंपाकघरात करायची, कारण दुसरी जागाच नव्हती. आई भाकरी थापतेय, तुम्ही पहिली पाळी करून आलायत, स्टुलावर बसून जेवताय, आणि मी भिंतीकडे तोंड करून ‘माय लॉर्ड’ करतेय. बोलणं इंग्रजीत, पण अडलं तर हिंदी चालेल असं कॉलेजनं सांगितलं होतं, म्हणून मी दोन्हीत करायची. एकदा मी हिंदीत म्हणाले, यह लापरवाह मज़दूर, तर तुम्ही घास हातात तसाच धरून म्हणालात, ‘‘लापरवाह म्हनू नको.’’

‘‘आबा, मला कंपनीकडून बोलायचंय.’’

‘‘बोल ना. पन चुकला म्हन. लापरवाह म्हनू नको.’’

एवढंच. तुम्ही मला फारसं कधी रागावला नाहीत, म्हणून ते लागलं. मी शब्द बदलला. आई म्हणाली, ‘‘यांना आपल्या सोबत्याची आठवन येत असंल,’’ आणि तुम्ही ताट उचलून मोरीकडे गेलात.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही सुट्टी टाकून आलात. अंगात लग्नातला सदरा. टिळा लावून येऊ का, असं विचारलं होतंत. मला त्या काळ्या कोटात घाम फुटला होता. तो कोट तुम्ही नाक्यावरच्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, खांद्यात सैल, पुढेही वापरता यावा म्हणून. मागच्या बाकावर तुम्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात, देवळात बसल्यासारखे. माझं बरं चाललं होतं. मग मधल्या खुर्चीतल्या निवृत्त जजांनी कागद बाजूला ठेवला आणि हिंदीत विचारलं की तुमचा हा साक्षीदार कंपनीच्या खोलीत राहतो, कंपनीचा पगार खातो, मग त्याच्यावर आम्ही भरवसा का ठेवायचा? हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. आणि मला कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, ‘‘माय लॉर्ड, गरीब आदमी कंपनी के कमरे में रहता है, इसका मतलब यह नहीं कि उसकी ज़बान भी कंपनी की है। उसके पास अपना कहने को और है ही क्या? उसकी बात ही तो है।’’ जजांनी काहीतरी लिहून घेतलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि त्याला गप्प करण्यात आलं. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तुम्ही हसत असाल. तुम्ही खाली बघत होतात.

कप आम्हाला मिळाला. उत्तम वक्ता म्हणून माझं नाव वेगळं पुकारलं. तेव्हा मात्र तुम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्यात, बाकीचे थांबले तरी वाजवतच होतात. नंतर बसस्टँडवर राखोलीची गाडी यायची होती. ऊन होतं, बाकड्यावर आपण दोघंच होतो, माझ्या मांडीवर तो कप. तुम्ही म्हणालात, ‘‘जाळी त्यानं नव्हती काढेल.’’

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं तुम्ही स्पर्धेतल्या कामगाराबद्दल बोलताय. म्हणून मी म्हणाले, ‘‘तो खोटाच आहे ना, आबा.’’

‘‘आपला, पलीकडच्या खोलीतला म्हनतो मी. जाळी तीन खात्यांत नव्हती. सुपरवायझरनंच काढून ठेवायला लावेल होती, धागा अडकला का माल थांबतो म्हनून. चौकशीत मला बसवलं. बोलले, तू सोबती हाय, तू सांगितलं का झालं. खोली हाय, पोरगी शिकतीय.’’ तुम्ही रस्त्याकडे बघत बोलत होतात. ‘‘मी सही केली.’’

तासाभरापूर्वी भरल्या हॉलमध्ये मी ज्याच्या जबानीची शपथ घेतल्यासारखी बोलले होते, तो माझ्या शेजारी बसला होता. गाडी आली. गाडीत तुम्ही विचारलंत, इतक्या उशिरा काकांना दावा लावता येईल का. मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं, की मुदत गेली आहे, पण पुरेसं कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. आणि हेही सांगितलं की तुम्ही उलटं बोललात तर खोली जाईल, काम जाईल, आणि तुमच्यावर विश्वास बसेलच असं नाही. तुम्ही म्हणालात, ‘‘त्ये माहीत हाय. मुदतीचं विचारतो मी.’’

आईला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, ‘‘आन पोरीचं कसं? येवढं एक वरीस तर निघू द्या.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘त्याची बी पोरं हायेत.’’ त्या रात्रीपासून ती तुमच्या शेजारी ताट घेईना. तुम्ही साक्रीला जाऊन आलात. तिथं काय झालं ते तुम्ही कधी नीट सांगितलं नाहीत. काकूंकडून मला पुष्कळ नंतर कळलं. काकांनी तुम्हाला ओट्यावरच बसवलं, घरात बोलावलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मला ठाऊकच व्हतं. मी तुझ्या येन्याची वाट नव्हती पाह्यली पन.’’ मग डाव्या हातानं टोपी घातली आणि वकील कुठला करायचा, असं विचारलं.

सुनावणी व्हायच्या आधीच आपण खोली सोडली होती. गलोंड्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला काम मिळालं होतं, आधीपेक्षा खालचं. कंपनीनं काढलं नाही, काढायची वेळ येऊ नये म्हणून तुम्हीच सोडलंत. मी शेवटच्या वर्षाला होते. नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांसमोर तुम्ही उभे होता आणि या खेपेला मागच्या बाकावर मी. कंपनीचा वकील तरुण होता, सौम्य होता, अजिबात वाईट माणूस नव्हता. त्यानं तुमची सहीची जुनी जबानी दाखवली आणि हिंदीत विचारलं, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय? मीही हाच प्रश्न विचारला असता, याच क्रमानं, याच आवाजात. ‘‘तब खोटं बोला साहब,’’ तुमचं हिंदी असंच होतं, ‘‘तब कमरा था। अब नहीं है।’’ वकील हसला नाही. त्यानं साहेबांकडे बघितलं आणि तो खाली बसला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला वाटलं, संपलं सगळं.

निकाल काकांच्या बाजूनं लागला. पण कसा लागला, ते तुम्हाला वाचून दाखवताना मी मधल्या ओळी गाळायला बघत होते. नव्या जागेतलं ते अंधारं स्वयंपाकघर, आई परात घेऊन बसलेली, आणि तुम्ही म्हणालात की मराठीत सांग, गाळू नको. म्हणून मी गाळलं नाही. साहेबांनी लिहिलं होतं की या साक्षीदारानं दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यामुळे त्याच्या कुठल्याच बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याची पहिलीही जबानी बाजूला ठेवली जाते आणि दुसरीही. आणि ती बाजूला ठेवली तर जाळी कामगारानं काढली असं दाखवायला कंपनीकडे काहीच उरत नाही.

‘‘म्हंजी माझं बोलनं पुसलं,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘दोन्ही.’’

‘‘पन त्याला भेटलं ना?’’

‘‘भेटलं.’’

तुम्ही हात पुसलेत आणि आईला म्हणालात, ‘‘वाढ.’’ तिनं वाढलं, आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःचंही ताट तुमच्या शेजारी घेतलं. काका त्यानंतर आपल्याकडे कधी आले नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मात्र आले, राखोलीला कोणाकडे तरी उतरले होते, तिथून चालत. खांदा द्यायला डावीकडून लागले. मग तसेच परत गेले.

लोकांना ही गोष्ट सांगावी असं मला कधी वाटलं नाही. सांगितली असती तर त्यांनी विचारलं असतं की मग तू कामगारांची वकील झालीस का. मी नाही झाले आबा. जे आलं ते घेतलं. जमिनीचे तंटे, भाडेकरू, चेक न वटल्याचे खटले, कधी कामगार, जास्त वेळा कारखाने. सिल्व्हासात वकिली करायची तर कारखान्यांना वगळून जगता येत नाही. तुम्ही यावर काय म्हणाला असतात याचा मी पूर्वी फार विचार करायची. आता दिवसाचं बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, बघते, उभी राहते, तारीख घेते, घरी येते. साक्षीदार उलटले की पूर्वी तुम्ही आठवायचात, आता सरळ पुढचा प्रश्न विचारते. थकवा म्हणतात तो हाच असावा, झोपून न जाणारा.

हे कुठं पाठवायचं नाहीच. लिहून झालं की शाल कपाटात ठेवीन आणि हे कागद चुलीत नाही, तर उद्याच्या रद्दीत जातील. फक्त एक सांगायचं राहिलंय, तेवढं सांगते. त्या हॉलमध्ये साक्षीदाराबद्दल मी जे बोलले, ते तुमच्याबाबतीत साफ चुकीचं निघालं, तरी आबा, तो युक्तिवाद मला अजून आवडतो. इतकं चांगलं मी त्यानंतर कुठल्याही खऱ्या कोर्टात बोलले नाही.