बाटलीवर नाव लेकाचं

अहो,

कोपरापासून नमस्कार. अक्षर सूनबाईचं आहे, उगाच माझं कौतुक करू नका.

आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत. तुमची कंबर काय म्हणते? गोळ्या घेता, की उशीखाली साठवता?

लेकाच्या थर्मामीटरच्या कारखान्यात सगळ्या कामगारांची लघवी तपासली. अंगात पारा किती मुरलाय ते त्यात कळतं म्हणे. जास्त निघाला तर कामावरून काढतील, या धास्तीने हा बाटली घेऊन माझ्यापुढे उभा. "आई, तू भरून दे. तू कुठे कारखान्यात जातेस?" मीही मोठी शहाणी, दिली भरून.

काल निकाल आला. पारा भलताच जास्त. डॉक्टर याला ओरडले, आणि हा घरी येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसला. याचे कामाचे कपडे मीच धुते ना, रोज, हाताने.

माझं सोडा, माझं सगळं बघून झालंय. पण नुसते कपडे धुऊन माझ्यात एवढा, तर त्याच्यात किती? आणि नात? ती माझ्या शेजारी बसून त्याच टबात हात घालून खेळते.

इथे सूनबाईचा हात थांबला. तिला हे आत्ताच कळतंय. लिही बाई, रडू नंतर.

उद्या चौघंही दवाखान्यात जातोय, आपापली बाटली आपणच भरणार. लेक बाटली भरेपर्यंत दाराबाहेर मी उभी राहणार आहे.

काळजी करू नका, येऊ नका, असं सांगणार होते. पण नाही. तुम्ही याच.

तुमचीच,
खाली अंगठा माझा